स्वतःचा बॅकअप प्रोग्राम लिहायचा असेल, तर आधी रिस्टोर लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही बडोद्यातील एका कंपनीत चार वर्षे सॉफ्टवेअर लिहीत आहात. घरी आजोबांच्या मोडी कागदपत्रांचे स्कॅन, वडिलांच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे आणि कुटुंबाची छायाचित्रे असा सुमारे ६०० जीबींचा ऐवज आहे. तयार प्रोग्राम तुम्हाला अवजड वाटतात आणि त्यांच्या आत काय चालते ते कळत नाही. म्हणून गो या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःचा बॅकअप प्रोग्राम लिहावा का, आणि लिहायचा झाल्यास कोठून आरंभ करावा, असे तुम्ही विचारले आहे.

अवश्य लिहा. मात्र तुमच्या प्रोग्रामला एक वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याच ऐवजाचा दुसरा बॅकअप रेस्टिक किंवा बोर्ग यांसारख्या रुळलेल्या प्रोग्रामने वेगळ्या डिस्कवर चालू ठेवा. ही अट मी आग्रहाने घालतो, कारण मोडी कागद एकदा जीर्ण झाले की पुन्हा स्कॅन करता येणार नाहीत, आणि शिकताना होणाऱ्या चुकांची किंमत त्या कागदांनी मोजू नये.

मी २२ वर्षे बडोद्याच्या दांडिया बाजार आणि रावपुरा भागांतील लहान कार्यालयांची, म्हणजे वकील, लेखापाल, वास्तुविशारद आणि छापखाने यांची संगणकीय माहिती सांभाळण्याचे काम करीत आहे, आणि त्यातील काही ठिकाणी माझा स्वतःचा प्रोग्राम चालतो. त्या अनुभवातून मी प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घासून पाहायला शिकलो. रिस्टोरच्या, म्हणजे बॅकअपमधून माहिती परत काढण्याच्या, दिवशी डिस्कसमोर कोण बसलेले असेल आणि त्याच्या हाती काय उरलेले असेल, ही ती कसोटी. बॅकअप घेतला जातो तो दिवस सुखाचा असतो. मूळ संगणक चालू असतो, पासवर्ड लक्षात असतो आणि प्रोग्राम लिहिणारा माणूस फोनवर उपलब्ध असतो. रिस्टोरच्या दिवशी यांपैकी काहीही नसेल असेच धरून चालावे.

हे मी ऑगस्ट २०२४ मध्ये प्रत्यक्ष पाहिले. आपल्या शहरातील विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या एका कार्यालयातील संगणक, नेटवर्कवरचा साठा आणि त्याच कपाटात ठेवलेली बॅकअपची डिस्क ही तिन्ही एकाच रात्री पाण्याखाली गेली. सुदैवाने एक डिस्क कार्यालयाच्या मालकांच्या बहिणीकडे, दुसऱ्या भागात तिसऱ्या मजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर मी ती डिस्क आणि एक उसना लॅपटॉप घेऊन बसलो, तेव्हा माझ्या आखणीतील दोष एकामागून एक उघडे पडले. फाइलीचा कोणता तुकडा बॅकअपमध्ये कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका माझा प्रोग्राम वेग मिळावा म्हणून मूळ संगणकावर ठेवीत असे, आणि तो संगणक चिखलात होता. सेटिंगची फाइलही तेथेच होती. पासवर्ड ज्या कर्मचाऱ्याला पाठ होता तो स्वतः पुरात अडकला होता. सर्व माहिती अखेर परत मिळाली, परंतु अनुक्रमणिका नव्याने बांधण्याचा प्रोग्राम मला त्याच वेळी, विजेच्या ये-जामध्ये, घाईघाईने लिहावा लागला, आणि जे काम एका सायंकाळचे होते त्याला तीन दिवस लागले.

म्हणून रिस्टोर आधी लिहा, हे माझे म्हणणे अक्षरशः घ्या. पहिल्या आठवड्यात फाइली वाचून साठवणारा कोड लिहूच नका. साठ्याची, म्हणजे डिस्कवर बॅकअप ज्या रूपात राहील त्याची, रचना कागदावर मांडा. ती एका पानात, दुसऱ्या प्रोग्रामरला तुमचा कोड न बघता साठा वाचणारा प्रोग्राम लिहिता येईल इतक्या स्पष्टपणे मावली पाहिजे. मग तीन फाइलींचा एक छोटा साठा हाताने तयार करा आणि तो वाचून फाइली परत उभ्या करणारा प्रोग्राम लिहा. असे केल्यावर तुमच्या लक्षात येईल की आवश्यक ती प्रत्येक गोष्ट साठ्यातच असली पाहिजे आणि अनुक्रमणिका ही केवळ सोय आहे, जी हरवली तरी साठ्यावरून पुन्हा बांधता आली पाहिजे. साठ्यातील प्रत्येक फाइलीच्या आरंभी रचनेचा आवृत्तिक्रमांक लिहा. पाच वर्षांनी तुम्ही रचना बदलाल, आणि तेव्हा जुन्या साठ्याला स्वतःची ओळख सांगता आली पाहिजे.

साठ्याची मूळ कल्पना जुनी आणि भक्कम आहे, ती नव्याने शोधण्याची गरज नाही. फाइलीतील मजकुराचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण, काढायचा, तो हॅश हेच साठ्यातील तिचे नाव ठरवायचे, आणि प्रत्येक बॅकअपच्या वेळी कोणत्या नावाची फाइल कोणत्या हॅशकडे निर्देश करते याची एक यादी लिहायची. त्या यादीला स्नॅपशॉट म्हणतात. शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी २००२ मध्ये मांडलेल्या व्हेन्टी या साठ्यात हीच पद्धत होती, आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमुळे ती तुमच्या रोजच्या परिचयाची आहे. तुमच्या ऐवजाच्या दृष्टीने तिचा मोठा लाभ असा की, वडिलांनी ‘कीर्तने’ हा संपूर्ण फोल्डर नाव बदलून दुसरीकडे हलवला तरी मजकूर तोच असल्यामुळे एक बाइटही पुन्हा साठवावा लागत नाही. दुसरा लाभ असा की साठ्यातील कोणतीही फाइल बिघडली आहे का, हे तिचा हॅश पुन्हा काढून नावाशी ताडून पाहता येते. व्हेन्टीत हॅश काढण्यासाठी एसएचए-१ ही पद्धत वापरली होती. तिची टक्कर, म्हणजे दोन भिन्न फाइलींचा एकच हॅश, २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी प्रत्यक्ष करून दाखवली, म्हणून तुम्ही एसएचए-२५६ घ्या. त्यात योगायोगाने टक्कर होण्याची शक्यता इतकी क्षुल्लक आहे की त्याआधी तुमची डिस्क, मेमरी आणि वीजपुरवठा हजारदा दगा देतील.

आता तुकडे पाडण्याविषयी. या विषयावर वाचू लागलात की मजकुरावरून तुकड्यांच्या सीमा ठरवण्याची पद्धत तुम्हाला मोहात पाडेल. ती कल्पना सुंदर आहे यात शंका नाही. फाइलीचे ठरावीक मापाचे तुकडे केले आणि आरंभी एकच बाइट वाढला, तर पुढचे सर्व तुकडे सरकतात आणि सारे काही नवीन भासते. त्याऐवजी एक छोटी खिडकी फाइलीवरून सरकवत तिच्यातील बाइटांचा हॅश काढत गेलो, आणि त्या हॅशचे शेवटचे ठरावीक बिट शून्य आले की तेथे तुकडा संपवला, तर सीमा मजकुराबरोबरच सरकतात आणि बदल झाला तेवढाच तुकडा नवा ठरतो. सरकत्या बेरजेची ही युक्ती अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांच्या १९९६ मधील आरसिंक या फाइली जुळवून घेणाऱ्या प्रोग्राममध्ये वेगळ्या हेतूने आली होती, आणि तुकडे पाडण्यासाठी तिचा उपयोग २००१ मध्ये एलबीएफएस या फाइल व्यवस्थेने ठसठशीतपणे दाखवला.

परंतु तुम्हाला तिची गरज नाही. मोडी पानाचा स्कॅन, छायाचित्र आणि ध्वनिमुद्रण या फाइली एकदा तयार झाल्या की क्वचितच बदलतात, आणि बदलल्याच तर बहुधा संपूर्णच बदलतात. त्यांच्यासाठी पूर्ण फाइलीचा एक हॅश पुरतो. फार मोठी ध्वनिमुद्रणे मध्येच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागू नये एवढ्यासाठी त्यांचे ६४ एमबींचे सरळ तुकडे करा. हिशेबाचा डेटाबेस, ईमेलचा मोठा संग्रह किंवा आभासी यंत्राची डिस्क अशा सतत थोड्याथोड्या बदलणाऱ्या अवाढव्य फाइली ज्यांच्याकडे असतात, त्यांनी ती पद्धत अवश्य वापरावी. तुम्ही रचनेत तिच्यासाठी जागा मोकळी ठेवा, म्हणजे एका फाइलीपुढे अनेक हॅशांची यादी लिहिता येऊ द्या, आणि पुढे चला.

फाइल बदलली आहे का हे ओळखण्यासाठी सर्वजण तिचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहतात, कारण दर रात्री ६०० जीबी वाचणे कोणालाच परवडत नाही. हे योग्यच आहे, पण त्या वेळेवर आंधळा विश्वास ठेवू नका. फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ही वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने लिहिली जाते, त्यामुळे त्या अवधीत झालेला दुसरा बदल दिसत नाही. शिवाय काही प्रोग्राम फाइलीतील मजकूर बदलून जुनी वेळ मुद्दाम पूर्ववत ठेवतात. लिनक्सवर इनोड क्रमांक (फाइल व्यवस्थेने फाइलीला दिलेला अंतर्गत क्रमांक) आणि सीटाइम (फाइलीच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ) हेही ताडून पाहिल्यास बरेचसे धोके टळतात. उरलेल्यांसाठी महिन्यातून एकदा सर्व फाइली पूर्ण वाचून हॅश पुन्हा काढा. साध्या हार्ड डिस्कने सेकंदाला १५० एमबींचा वेग दिला तर ६०० जीबी वाचायला ४,००० सेकंद, म्हणजे सव्वा तासाच्या आतच वेळ लागतो, आणि लहान फाइली पुष्कळ असतील तर त्याच्या काही पट. महिन्यातील एक रविवार त्यासाठी द्यावा. त्या वाचनात वेळ आणि आकार तेच राहूनही मजकूर बदललेली फाइल आढळली, तर प्रोग्रामने मोठ्या आवाजात कळवले पाहिजे, कारण तशी फाइल बहुधा डिस्कच्या बिघाडाने नासलेली असते, आणि ती चांगली समजून साठवत राहण्यात अर्थ नाही.

फाइलींच्या नावांवर मला अधिक लिहावेसे वाटते, कारण आपल्या भाषेत नावे देणाऱ्या माणसाला येथे जे अडथळे येतात त्यांची चर्चा इंग्रजीत फारशी वाचायला मिळत नाही. तुमच्याकडे ‘आजोबांच्या डायऱ्या’ असा फोल्डर असणारच. त्यातील ‘ऱ्या’ तीन प्रकारे लिहिला जातो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षरचिन्ह आहे. तेच ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते, आणि युनिकोड ही दोन रूपे समान मानते. तिसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टंकले जाते, जे कित्येक मराठी कीबोर्ड आपोआप घालतात, आणि ते रूप मात्र युनिकोडच्या नियमांनीही पहिल्या दोघांशी समान ठरत नाही. पडद्यावर तिन्ही नावे सारखी दिसतात, परंतु लिनक्स आणि विंडोज यांच्या दृष्टीने ते तीन वेगळे फोल्डर आहेत. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्कवर तर ‘ऱ’ लिहिला तरी ती व्यवस्था स्वतःहून त्याचे दोन चिन्हांत विघटन करून ठेवते. अशा डिस्कवरून फोल्डर लिनक्सवर आणला की एकाच फोल्डरच्या दोन प्रती शेजारी शेजारी दिसू लागतात, आणि तुमचा प्रोग्राम एक हटवला गेला आणि दुसरा नव्याने आला असे नोंदवतो.

याबाबत माझा नियम असा आहे: फाइल व्यवस्थेने नाव ज्या बाइटांत दिले त्याच बाइटांत ते स्नॅपशॉटमध्ये लिहावे, त्यात सुधारणा करू नये. सारखी दिसणारी नावे एकत्र आढळली तर वापरणाऱ्याला सूचना द्यावी आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा. गो भाषेत येथे एक छुपा खड्डा आहे. गोची स्ट्रिंग कोणतेही बाइट जशीच्या तशी बाळगते, परंतु जेसन (माहिती मजकुराच्या रूपात मांडण्याची पद्धत) लिहिणारी तिची प्रमाण लायब्ररी यूटीएफ-८ च्या, म्हणजे युनिकोड चिन्हे बाइटांत लिहिण्याच्या, नियमांत न बसणारे बाइट निमूटपणे बदलून त्या जागी एक पर्यायी चिन्ह घालते. युनिकोडपूर्व काळातील फाँटांनी नावे दिलेल्या फाइली जुन्या सीडींवरून आलेल्या असतील, तर त्यांची नावे अशा रीतीने कायमची पुसली जातात. स्नॅपशॉट जेसनमध्ये लिहायचा असेल तर नावे बेस-६४ मध्ये, म्हणजे कोणतेही बाइट साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत लिहिण्याच्या पद्धतीत, रूपांतरित करून ठेवा.

नावाची लांबी हा दुसरा प्रश्न, आणि त्याने मला आयुष्यातील सर्वांत मोठी खंत दिली. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत फाइलीचे नाव २५५ बाइटांपर्यंतच असू शकते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि मात्रा, हलन्त, अनुस्वार ही सर्व स्वतंत्र चिन्हे असतात. याचा अर्थ लिनक्सवर देवनागरी नाव ८५ चिन्हांतच संपवावे लागते. एका वकिलांच्या कार्यालयात दाव्याचा विषय, दोन्ही पक्षांची नावे आणि तारीख हे सर्व फाइलीच्या नावात लिहिण्याची पद्धत होती, आणि विंडोजवर ते निर्वेध चालत होते. माझा प्रोग्राम त्या काळी फाइली मूळ नावानेच लिनक्सच्या डिस्कवर उतरवीत असे. लांब नावांच्या फाइली लिहिताना त्रुटी येई, प्रोग्राम ती लॉगमध्ये नोंदवी, पुढच्या फाइलीकडे वळे आणि शेवटी ‘बॅकअप यशस्वी’ असे छापी. चौदा महिन्यांनी मूळ डिस्क गेली, तेव्हा नेमके सर्वांत गुंतागुंतीच्या दाव्यांचे कागद बॅकअपमध्ये नव्हते. ज्यांच्या जमिनीचे प्रश्न त्या कागदांत होते त्यांना नकलांसाठी पुन्हा न्यायालयात खेटे घालावे लागले. हॅशच्या नावाने साठवण्याच्या पद्धतीत मूळ नाव यादीच्या आत राहते, त्यामुळे साठवताना ही अडचण येतच नाही. रिस्टोर करताना ती येऊ शकते, म्हणून त्या प्रसंगी नाव आखूड करून जुन्या-नव्या नावांचा तक्ता शेजारी लिहून ठेवण्याची सोय करा.

त्या प्रसंगाने माझी यशाची व्याख्याच बदलली. एक जरी फाइल वाचता किंवा लिहिता आली नाही, तरी बॅकअप अपूर्ण आहे आणि प्रोग्रामने तसेच म्हटले पाहिजे. तेवढ्यानेही भागत नाही, कारण अपयशाचा निरोपच पोहोचला नाही तर काय, हा प्रश्न उरतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचा फोल्डर चुकून पुसला गेला, तेव्हा असे आढळले की डेटाबेसचा नेहमीचा बॅकअप आवृत्तींच्या तफावतीमुळे होतच नव्हता, आणि तो अयशस्वी झाल्याचे ईमेल पाठवणाऱ्याच्या पडताळणीअभावी नाकारले जात होते. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती होती, म्हणून हानी सुमारे सहा तासांच्या माहितीपुरती राहिली. गिटलॅबने हे सर्व प्रांजळपणे प्रसिद्ध केले, आणि त्यातून मी शिकलो तो धडा असा की अपयश कळवण्यावर विसंबण्याऐवजी यश कळवावे, आणि ते ठरावीक वेळेत न आल्यास दुसऱ्याच यंत्राने ओरड करावी. तुमच्या घरी हे दुसरे यंत्र म्हणजे तुमचा फोन असू शकतो: शेवटच्या पूर्ण बॅकअपला तीन दिवस उलटले की त्याने तुम्हाला सांगावे.

डिस्कवर लिहिण्याचा क्रम काटेकोरपणे पाळा. तात्पुरत्या नावाने, त्याच फाइल व्यवस्थेत, मजकूर लिहा. फाइलीवर एफसिंक करा, म्हणजे मजकूर मेमरीतून प्रत्यक्ष डिस्ककडे जाईल. मग नाव बदला. आणि मग त्या फोल्डरवरही एफसिंक करा, कारण नाव हे फोल्डरच्या नोंदीत असते. सर्व मजकूर असा पक्का झाल्यावरच स्नॅपशॉटची यादी लिहा. हा क्रम पाळला तर वीज कोणत्याही क्षणी गेली तरी फार तर काही निनावी तुकडे साठ्यात पडून राहतील, पण नसलेल्या तुकड्याकडे निर्देश करणारी यादी कधीही तयार होणार नाही. एफसिंकने त्रुटी दिली तर तेच पुन्हा करून पाहू नका. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आले की लिनक्स अशी त्रुटी एकदा कळवते आणि त्यानंतर मेमरीतील तो मजकूर लिहून झाला असे समजते, त्यामुळे दुसरा एफसिंक खोटे यश दाखवतो. त्या फाइलीचा पूर्ण मजकूर मुळापासून पुन्हा लिहा किंवा तेथेच थांबा.

चालू असलेल्या डेटाबेसची फाइल नुसती उचलून नेऊ नका, अर्धवट प्रत हाती येते. छायाचित्रांची अनुक्रमणिका ठेवणारे अनेक प्रोग्राम एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरतात, आणि त्याच्याकडे चालू स्थितीत सुसंगत प्रत काढण्याची स्वतःची सोय आहे, ती वापरा. विंडोजवर उघड्या फाइलींसाठी, डिस्कची त्या क्षणाची प्रत देणारी व्हॉल्यूम शॅडो कॉपीची सेवा आहे.

कूटबद्धीकरण, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे मजकुराचे रूपांतर, स्वतः रचू नका. त्यासाठी प्रमाणित लायब्ररीतील एईएस-जीसीएम ही पद्धत घ्या, पासवर्डवरून किल्ली काढायला आर्गॉन२ घ्या, आणि मजकूर आधी आकुंचित करून मग कूटबद्ध करा, कारण उलट केल्यास आकुंचन होतच नाही. येथे नवशिक्याने किती जपावे याचे उदाहरण टारस्नॅप या बॅकअप सेवेचे आहे. त्याचे कर्ते कॉलिन पर्सिव्हल हे स्वतः कूटशास्त्राचे जाणकार आणि फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीचे सुरक्षा अधिकारी राहिलेले. तरीही कोडची पुनर्रचना करताना प्रत्येक तुकड्यागणिक वाढायला हवा असा एक आकडा वाढेनासा झाला, आणि जानेवारी २०११ मध्ये त्यांनी ती गंभीर चूक स्वतः जाहीर केली. ही चूक कोणत्याही रिस्टोरमध्ये दिसत नाही, फाइली बिनचूक परत येतात, आणि गुप्तता मात्र गेलेली असते. तुमच्या ऐवजात गुप्त असे फारसे नसेल तर घरातील डिस्कवर कूटबद्धीकरण न करणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरू शकतो. मोडी कागद वाचता न येण्याचा धोका ते कोणी वाचण्याच्या धोक्यापेक्षा मोठा आहे, असे मला वाटते.

जुने स्नॅपशॉट हटवून जागा मोकळी करणारा भाग पहिल्या वर्षी लिहूच नका. संपूर्ण प्रोग्राममध्ये माहिती नष्ट करणारा तो एकच भाग असतो, आणि तो चालू असताना दुसरीकडे बॅकअप सुरू असेल तर नव्या यादीला हवा असलेला तुकडा जुना समजून पुसला जाण्याचा धोका असतो. तुमचा ऐवज वर्षाला फार वाढणार नाही. मोठी डिस्क घेतली की प्रश्न मिटतो.

पडताळणी मात्र आरंभापासून हवी, आणि तीही वेगळ्या वाटेने. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली, ती देशभरातील पोथ्या एकमेकींशी ताडून. नकलकाराची चूक त्याच्याच पोथीत कितीही वेळा वाचली तरी सापडत नाही, ती दुसऱ्या परंपरेतील पोथी शेजारी ठेवल्यावर दिसते. तुमच्या प्रोग्रामचेही तसेच आहे: ज्या कोडने हॅश काढून साठवले त्याच कोडने तपासले, तर त्यातील चूक दोन्ही बाजूंना सारखीच असेल आणि ताळा जुळेल. रिस्टोर एका रिकाम्या फोल्डरमध्ये करा आणि मूळ फाइलींशी त्याची तुलना लिनक्सच्या sha256sum या आज्ञेने किंवा आरसिंकच्या चेकसम पर्यायाने करा. त्याशिवाय प्रोग्राम मध्येच मारणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहा: बॅकअप सुरू करायचा, काही मिलिसेकंदांनी सिग्नल ९ ने ठार करायचा, साठा तपासायचा, पुन्हा सुरू करायचा, आणि हे रात्रभर हजारो वेळा चालू द्यायचे. साठ्यातील कोणत्याही फाइलीचा एक बिट उलटवून पाहा. तपासणीने ती नेमकी फाइल दाखवली पाहिजे आणि रिस्टोरने बाकीच्या सर्व फाइली तरीही परत दिल्या पाहिजेत. माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये या एका रात्रीच्या चाचणीने जेवढे दोष सापडले तेवढे मला दोन वर्षांच्या वापरात सापडले नव्हते.

प्रती कोठे ठेवायच्या हे आपल्या शहरात नदीने ठरवून दिले आहे. एक प्रत घरी, तळमजल्यावर नव्हे; दुसरी बडोद्याबाहेर, पुण्याच्या किंवा इंदूरच्या नातेवाइकांकडे. ही बाहेरची प्रत पहिल्यांदा इंटरनेटवरून पाठवू पाहाल तर सेकंदाला २० मेगाबिटांच्या वेगाने ६०० जीबींना जवळजवळ ६७ तास लागतील, म्हणून ती डिस्क दिवाळीला जाताना सोबत न्या आणि त्यानंतरचे लहान बदल तेवढे नेटवरून पाठवा. ज्या संगणकाचा बॅकअप घेतला जातो त्याला दूरच्या प्रतीतील काही पुसण्याचा अधिकार देऊ नका, केवळ भर घालण्याचा द्या. खंडणीखोर प्रोग्राम संगणकात शिरला तर तो त्या संगणकाला जे पुसता येते ते सर्व पुसतो.

आणि प्रत्येक डिस्कबरोबर एक छापील कागद ठेवा. त्यावर साठ्याच्या रचनेचे ते एक पान आणि रिस्टोरची आज्ञा अक्षरशः जशी टंकायची तशी असावी. गो भाषेत एकाच फाइलीत सर्व काही सामावलेला प्रोग्राम तयार होतो, त्याची विंडोज आणि लिनक्ससाठीची प्रत आणि मूळ कोड त्याच डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये असू द्या. कूटबद्धीकरण केले असल्यास पासवर्ड वेगळ्या कागदावर लिहून, तो डिस्कच्या पिशवीत न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि तो तेथे असल्याचे घरातील किमान दोघांना ठाऊक असू द्या. मग एखाद्या रविवारी, तुम्ही खोलीत नसताना, तुमच्या बहिणीला किंवा आईला तो कागद, ती डिस्क आणि अनोळखी लॅपटॉप देऊन आजोबांच्या डायरीचे पहिले पान उघडायला सांगा. जेथे त्या अडतील तेथे कागदात किंवा प्रोग्राममध्ये दुरुस्ती करा, आणि पुढच्या महिन्यात घरातील दुसऱ्या कोणाला तरी बसवा.